फितीखालून गेलेली कोथिंबीर

आमच्या गावात नवी वस्तू आली की ती चालते कशी, हे कोणी आधी विचारत नाही. "उद्घाटन कोणाच्या हस्ते?" हा पहिला प्रश्न. गाव जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर. कागदपत्रं जुन्नरला, सोयरीक मंचर-घोडेगावला आणि माल नारायणगावच्या मार्केटला. दोन्ही तालुक्यांतले पुढारी आम्हाला आपलं समजतात, त्यामुळे फीत कापायला माणसांची वाण आम्हाला कधी पडली नाही.

मी त्या फितीच्या बाजूचा माणूस. पोटापाण्याला शेती करतो, पण गावात मला ओळखतात ते माईकमुळं. साखरपुडा असो, निवृत्तीचा सत्कार असो, कोणाच्या बोअरला पाणी लागलेलं असो, माईक माझ्याच हातात. बायको म्हणते, मी जेवायला बसलो तरी आधी ताटातल्या भाजीचं स्वागत करतो आणि मग भाकरीला दोन शब्द बोलायची विनंती करतो. अगदीच खोटं नाही ते.

दोन वर्षांमागं आमच्या एसटी थांब्याला पत्र्याची नवी शेड झाली. फरशी, बाकडी, रंग, सगळं झालं, पण साहेबांची तारीख मिळेना. मग शेडच्या तोंडाला सुतळी बांधली. कॉलेजच्या पोरी, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसं, सगळं गाव त्या शेडच्या शेजारी भर उन्हात उभं राहायला लागलं. सुतळी कोणी ओलांडली नाही. एक परगावचा माणूस चुकून आत जाऊन बसला, तर चौघांनी त्याला बाहेर बोलावलं. "पावणं, आजून चालू न्हाई झाली ती." बाकड्यात चालू काय व्हायचं असतं, हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. उद्घाटन झालं तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि सावलीची गरज संपली होती. सूत्रसंचालन माझंच होतं. फार रंगलं होतं असं लोक म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि लोक नाही म्हणत नाहीत.

अशा माणसाच्या घरात राहून बायकोनं एक नवी गोष्ट केली, त्याची ही हकिकत.

मंचरला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. मी गेलो होतो फुकटच्या पिशवीसाठी आणि उसाच्या रसासाठी. बायको एका कोपऱ्यात विटांच्या चौकोनी खोक्यापाशी थांबली ती हलेचना.

"अहो, हात घाला आत."

घातला. आत गार.

"फ्रीज आहे का?"

"वीज कुठाय इथं? दोन भिंती, मधे वाळू. वाळूवर ठिबकनं पाणी सोडायचं. बस्स."

"म्हणजे माठ."

"माठच. फक्त त्यात पाण्याच्या जागी कोथिंबीर ठेवायची."

मी पिशवी घेऊन घरी आलो, ती डोक्यात खोली घेऊन आली.

तिचं गणित सरळ होतं. आमच्याकडं कोथिंबीर उपटायला बाया मिळतात त्या सकाळी. जुड्या बांधून व्हायला दुपार होते. लिलाव संध्याकाळी. मधला सगळा वेळ त्या जुड्या गोणपाटाखाली पडून असतात, आणि एप्रिलच्या उन्हात कोथिंबीर किती वेळ मान वर ठेवणार? मार्केटला पोचेपर्यंत पान लोळलेलं. व्यापारी जुडी हातात धरतो, तिला झुकताना बघतो आणि काही न बोलता पुढं जातो. त्यात एखाद्या संध्याकाळी सगळ्या खोऱ्याची कोथिंबीर एकदम मार्केटला आली, तर ती तशीच परत आणून म्हशींपुढं टाकायची. ताजी राहणारी एक रात्र आपल्या हातात असली तर आपण मार्केटची वाट बघू, मार्केट आपली वाट नाही बघणार, असं तिचं म्हणणं.

मी तिला नवऱ्याला शोभेल असा सल्ला दिला. म्हणालो, "आपण कशाला? आधी कोणीतरी करू दे. त्याचं बघून आपण करू."

"तो कोणीतरी कुठं राहतो?" ती म्हणाली. "पत्ता द्या, विचारून येते."

तिनं जुन्या गोठ्याच्या विटा काढल्या, ओढ्याची वाळू आणली, विहिरीजवळच्या आंब्याखाली खोली उभी केली. खोली कसली, चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढी जागा. दुहेरी भिंत, मधे वीतभर ओली वाळू, वर गवताचं छप्पर आणि त्यावर भिजलेलं गोणपाट. गवंड्यानं दोनदा विचारलं, "वहिनी, नक्की दोन भिंती? एकात भागतंय की." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आंब्याकडं बघितलं.

लोक बघायला यायला लागले. सगळ्यात आधी आला आमचा शेजारचा चुलत भाऊ. त्यानं खोलीला एक चक्कर मारली.

"वहिनी, सबसिडी किती बसली?"

"घेतलीच नाही."

"मंजी? स्कीममधी न्हाई ही?"

"नाही."

"मंग केली कशाला?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली होती. आत किती गार आहे हे त्यानं हात घालून बघितलं नाही. नंतर आलेल्यांनीही नाही. कोणी म्हणालं कोथिंबिरीला एसी, कोणी म्हणालं आता मेथीला टीव्ही बसवा. पारावर तर मलाच विचारलं, "काय राव, रात्री तुमी भाईर आन् भाजी आत?" मी सगळ्यांच्या बरोबरीनं हसलो. आपल्या घरातलं कोणी पुढं जाऊन काही करतं तेव्हा आधी आपणच हसून घेतलेलं बरं, म्हणजे लोक हसतील त्यात आपण सामील असतो. ही सवय मला कोणी शिकवली नाही, आमच्या पाण्यातच असावी.

घरात शेवटचा शब्द आमच्या थोरल्या काकांचा. वडील गेल्यापासून तेच कर्ते. बायको त्यांना सासऱ्यांच्या मानानं मामा म्हणते आणि काकीला आत्या. काका काठी टेकत आले, खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, तुझी हौस झाली. आता ह्या एका वावराच्या कोथिंबिरीला बघ. जमलं तर जमलं. न्हाईतर पावसाच्या आत हितं कडबा भरायचा. जागा वाया नाय घालवायची."

"चालंल मामा," बायको म्हणाली. "पण एक वावर मला पुरतं बघू द्या."

काका बोलले की बोलले. त्यामुळे विहिरीलगतची ती एक वावरभर कोथिंबीर म्हणजे तिची परीक्षा होती. एकदाच बसायचं, परत पेपर नाही. बाया येणार त्या दिवशी उपटायची, खोलीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी मार्केटला न्यायची. इतकं साधं.

पण काका काठी उचलता उचलता थांबले. "आन् शुभारंभाचं काय?"

"कसला शुभारंभ?" बायको म्हणाली. "जुड्या ठेवल्या की झाला."

"आसं कसं? गावात पयलीच हाय. साहेबांना बोलवू. त्यांच्या हातानं फीत कापायची, नारळ फोडायचा, मंग माल भरायचा. त्याच्या आधी आत काय ठेवायचं न्हाई."

खोलीला हौस म्हणणारे काका आता तिच्या उद्घाटनाला निघाले होते. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझे कान टवकारले होते. मी म्हणालो, "मंडप लागेल. आणि दोन बॉक्सचा साऊंड."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की मी तो साऊंड एक बॉक्सचा केला.

मग पत्रिका. आमच्या भागात पत्रिकेतला मजकूर हा निमित्त असतो, पत्रिका असते ती नावांसाठी. साहेब प्रमुख पाहुणे. मग अध्यक्ष. मग चार जण असे, की त्यांतला कोणी कोणाच्या खाली बसायला तयार नाही, म्हणून त्यांना प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती आणि गौरवपूर्ण उपस्थिती अशा चार वेगळ्या उपस्थित्या दिल्या. त्यानंतर निमंत्रक, संयोजक, स्वागतोत्सुक. भावकीतलं एकही घर सुटू नये म्हणून मी संध्याकाळी दारोदार फिरून नावं विचारली. एका घरी दोन भावांत बोलणं नव्हतं, त्यांची नावं पत्रिकेच्या दोन टोकांना टाकली. खाली, लग्नपत्रिकेत असते तशी चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ: "आमच्या खोलीच्या उद्घाटनाला यायचं हं!" त्यात काकांचा पणतू, ज्याला तेव्हा दात यायचे होते, तोही होता. तारखेची जागा तेवढी कोरी सोडली. साहेबांची तारीख मिळाली की पेनानं भरायची.

पत्रिका छापून आल्या. बायको ओट्यावर गवार मोडत बसली होती. मी तिच्यापुढं एक पत्रिका ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. तिनं हात पुसले, पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. उलटी करून मागं बघितली. परत वाचली.

"छान आहे," ती म्हणाली. "कागद चांगला आहे. ही खोली बांधली कोणी, ते कुठं आहे?"

मी पत्रिका हातात घेतली. खरंच नव्हतं. दात न आलेला पोरगा होता, पुण्याला राहणारा आणि पाच वर्षांत गावात न फिरकलेला आत्तेभाऊ होता, आणि हिचं नाव नव्हतं. मीच लिहिली होती पत्रिका. कोणी रुसू नये म्हणून ज्यांच्या ज्यांच्या रुसण्याची मला भीती वाटली, त्या सगळ्यांची नावं मी घातली होती. ही रुसेल असं डोक्यात आलंच नाही, कारण ही रुसत नाही.

"चिकटवतो," मी म्हणालो. "छोटी पट्टी छापून सगळ्या पत्रिकांवर—"

"राहू द्या." तिनं गवार पुढं ओढली. "बरंच झालं की. नाव नाही म्हणजे त्या दिवशी स्टेजसमोर बसायचं बंधनही नाही मला."

ती रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एखादी सोय सापडावी तसं म्हणाली.

साहेबांच्या पीएला फोन करायचं काम माझ्याकडं. पहिली तारीख मिळाली, त्या दिवशी त्यांची तीन लग्नं निघाली. दुसऱ्या तारखेला दशक्रिया. आमच्याकडं सकाळी नदीकाठी दहाव्याच्या विधीला जाऊन पुढाऱ्यानं श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायचे असतात. तिथं जो गेला नाही त्याला लोक विसरत नाहीत. आता आमच्या खोलीपेक्षा कोणाचं मरण मोठं, हे मीही मान्य करणार. पण कोथिंबीर पीएला फोन करून वाढत नव्हती. ती गुडघ्याच्या खाली होती ती वर आली, रसरशीत झाली, आणि एका सकाळी बायकोला कडेच्या वाफ्यात एक फूल दिसलं. कोथिंबिरीला फूल आलं की तिचे मार्केटचे दिवस संपले.

"आता थांबता येत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात पीएचा फोन आला. मंगळवार, सकाळी दहा, पक्कं.

बायकोनं क्षणभर विचार केला आणि बायांना सोमवारचा सांगावा धाडला. सोमवार म्हणजे बेल्ह्याचा बाजार. काका गाय घ्यायची असो नसो, दर सोमवारी टेम्पोत बसून बेल्ह्याला जातात, दुसऱ्यांच्या बैलांचे दात बघतात आणि अंधार पडायच्या सुमारास परत येतात. मला काही सांगायची गरज पडली नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर सोमवार या शब्दात सगळं आलं.

सोमवारी सकाळी बाया आल्या, काकीही वावरात उतरली, आणि दुपारपर्यंत जुड्यांची रास लागली. मार्केटमधून फोन आला की आज गाड्यांवर गाड्या लागल्यात, आणू नका. बायकोच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती बघितली. हीच ती संध्याकाळ होती जिच्यासाठी खोली बांधली होती, आणि खोली चालते की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. तिलाही.

"घ्या," ती मला म्हणाली आणि क्रेट पुढं केला.

"काका म्हणाले होते, फीत—"

"फीत उद्या लागणार आहे. आज दार उघडं आहे."

मी क्रेट वाहिले. नवा मंडप बांधणारी पोरं बघत होती. त्यांना मी सांगितलं, ट्रायल आहे. काका बेल्ह्याहून आले तेव्हा दार लावलेलं होतं, त्यावर झेंडूचं तोरण होतं, आणि मी गप्प होतो. गप्प राहणं ही माझ्या माईकच्या आयुष्यातली पहिलीच मोठी कामगिरी.

मंगळवारी नऊला मंडप भरला. दारावर लाल फीत, बाजूला ताटात कात्री. दहा वाजले. साहेब निघाले होते. अकराला साहेब निघालेलेच होते. बाराला पीए म्हणाला, वाटेत एका वाढदिवसाला थांबलेत. मी माईकवर होतो. अध्यक्षांचं स्वागत केलं, चारही उपस्थित्यांचं स्वागत केलं, मंडपवाल्याचं केलं, मग स्वागत करायला माणूस उरेना तेव्हा पावसाच्या अंदाजाविषयी बोललो. शाळेच्या पोरींनी स्वागतगीत दोनदा म्हटलं. एक वाजता मसालेभाताचा वास सुटला, पण साहेबांच्या आधी पंगत बसवायची कशी? पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसलेली काकी डुलक्या घेत होती.

दोनच्या पुढं मागच्या बाजूला पिकअपचा हॉर्न वाजला.

बायको घरातून आली. साधी साडी, डोक्याला रुमाल. सरळ खोलीच्या दाराशी गेली. मंडपातली सगळी डोकी वळली.

काका स्टेजवरून उठले. "सूनबाई, काय चाललंय?"

"मामा, गाडी आलीय. कोथिंबीर न्यायचीय."

"कुठली कोथिंबीर?"

"आतली."

काकांना सगळं एका क्षणात कळलं. मी माईक स्टँडच्या मागं जेवढा लपता येतो तेवढा लपलो. काका खाली आले, काठी फितीपुढं आडवी धरली.

"साहेब आल्याबिगर ही फीत तुटायची न्हाई. चार मानसांत माझी काय लाज?"

"फीत नाही तोडत मामा," ती म्हणाली. "खालून जाते."

आणि तिनं दार आत ढकललं, कमरेत वाकली आणि गेली. आतून हात बाहेर आला. हातात जुडी होती.

काकांनी ती जुडी घेतली. रिकाम्या हातानं उभं राहणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून घेतली असावी. त्यांनी ती उभी धरली. व्यापारी धरतो तशी, मुळाकडून. पानं सरळ उभी राहिली. काकांनी ती कानाशी नेऊन देठ मोडला. कट् असा आवाज आला. त्यांनी वास घेतला.

"आज सकाळची?"

"कालची," आतून आवाज आला. "काल सकाळची मामा, तुम्ही बाजारला गेला होता तेव्हाची."

"कालची?" पहिल्या रांगेतून काकी उठली. "बघू." तिनं जुडी घेतली, बघितली, आणि नवं लुगडं वर खोचून फितीसमोर उभी राहिली. "दे गं. मी घेते भाईरून."

क्रेट फितीखालून बाहेर यायला लागले. काकीकडून सोमवारच्या बायांकडं, त्यांच्याकडून पिकअपकडं. पाच तास ताटकळलेल्या लोकांना एकदाचं बघायला काहीतरी मिळालं. मागची माणसं पुढं आली. गौरवपूर्ण उपस्थिती रांगेत घुसून क्रेट पुढं द्यायला लागली. मला राहवेना. माईक चालूच होता. "आलाऽऽ आला, तिसरा क्रेट आला, विशेष उपस्थितीनं झेलला, काय तो झेल! प्रमुख उपस्थितीकडं पास, आणि थेट पिकअपमधे!" मंडप हसून हसून लोळायला लागला. मी तेवढं चांगलं सूत्रसंचालन आयुष्यात केलं नव्हतं.

मधेच एक क्रेट फितीला घासला आणि वरची पानं चुरडली. काका पुढं झाले. मला वाटलं आता थांबवणार. त्यांनी काठीचं टोक फितीखाली घातलं आणि ती वर उचलून धरली.

"माल खराब करू नका रे," ते म्हणाले. "वाकून घ्या. आरामात."

शेवटचा क्रेट निघेपर्यंत ते तसेच काठी वर करून उभे होते. फीत शाबूत राहिली. बायको बाहेर आली, काकीला हाताला धरून पिकअपच्या केबिनमधे चढवलं, स्वतः चढली. जाताना मला म्हणाली, "लोकांना जेवायला घाला आता. पोरं भुकेजली." मी तशी घोषणा केली. साहेबांच्या आधी आमच्या गावात पंगत बसली, हे पहिल्यांदाच.

साहेब चारनंतर आले. फीत कापली, नारळ फोडला, रिकाम्या खोलीत शिरले. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन. आत गेल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "वा! काय गार आहे!" म्हणाले आणि बाहेर यायला तयार होईनात. चारही उपस्थित्या त्यांच्या मागं आत शिरायला बघत होत्या, पण खोली तेवढी नाही. शेवटी पीएनं घड्याळ दाखवलं तेव्हा ते निघाले. भाषणात त्यांनी तरुणांनी नोकरीच्या मागं न लागता नवं काहीतरी करावं असं सांगितलं, आणि मग विचारलं, "कोणी बांधली ही?"

मी माईक हातात घेतला, पण काकांनी तो माझ्याकडून काढून घेतला. ते कधी माईकवर बोलत नाहीत.

"आमच्या सूनबाईनं," ते म्हणाले. "मार्केटला गेलीय."

"मग सत्कार?"

"तिला येळ न्हाई साहेब."

शाल आणि नारळ शेवटी माझ्या गळ्यात पडले. घरातलं कोणीतरी हवं ना फोटोत. फोटोत मी बराच कर्तबगार दिसतो.

संध्याकाळी मंडपवाला बांबू सोडत होता. काका आणि मी ओट्यावर बसून राहिलो. दोघांनाही फोन करायचा होता आणि दोघांनीही केला नाही. काका तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले, तीनही वेळा म्हशीला बघायला म्हणून. म्हैस दुसऱ्या बाजूला बांधलेली होती.

पिकअप आली. काकी आधी उतरली. उतरताच सुरू झाली, "आवो, त्यो व्यापारी म्हनतो कसा, मावशी, कालची मंजी? कालची आशी आसती व्हय? आख्खी लाईन झुकल्याली आन् आपल्या जुड्या कशा, नव्या नवरीवानी ताठ! त्यानं दुसऱ्याला हाक मारली, त्यानं तिसऱ्याला. लिलावात नुसती वढावढ!" मग एवढं बोलल्यावर तिला आठवलं की ती मार्केटला पहिल्यांदाच गेली होती, आणि ती परत पहिल्यापासून सांगायला लागली.

बायको मागून आली. थकलेली होती. रिकामे क्रेट तिनं आंब्याखाली ठेवले, रुमाल सोडला आणि ओट्याच्या पायरीवर बसली. मी पाण्याचा तांब्या दिला.

"चांगली गेली?" मी विचारलं.

"चांगली गेली," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "उद्याला पण मागतायत. कालच्यासारखी आणा म्हणाले."

काका खोलीकडं बघत होते. कडब्याचं काही बोलले नाहीत. काठीनं जमिनीवर रेघा मारत बसले. बराच वेळ घसा खाकरला. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांना परवानगी दिली किंवा नाही दिली, त्यांना ती मागायची कशी हे माहीत नसावं.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "माझी ती वढ्याकडची मेथी. परवा उपटावी म्हनतो. बाया सकाळच्याच मिळत्यात. तुझ्या खोलीत... जागा व्हईल का?"

बायकोनं तांब्या खाली ठेवला. मामा आपल्याला विचारतायत हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तिनं खोलीकडं बघितलं, मनात क्रेट लावून बघितले.

"होईल की मामा," ती म्हणाली. "पण मुळांची माती बांधावरच झटकून आणा. आत चिखल झालेला मला चालायचा नाही."

"न्हाई न्हाई," काका म्हणाले. "झटकून आनतो."